मामांबरोबर पारसिकच्या डोंगराभोवती : बंद खाणी, ढिगारे आणि भर जुलैचा पाऊस

ठाण्यात पाहुणे आले की फिरवायचा कार्यक्रम ठरलेला असतो, तलावपाळी, उपवन, येऊर, एक दिवस मिसळ, आणि पाऊस थांबतच नसेल तर मॉल. गोंदियाचे मामा जुलैत राहायला आले तेव्हा मी हेच सगळं मनात धरून रजा टाकली होती, पण पहिल्याच चहाला त्यांनी विचारलं, "तुमच्या इकडे डोंगराले खदानीच खदानी आहेत म्हणे नं? त्या दाखव मले."

मामांबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मामा मलांजखंडला तांब्याच्या खाणीवर होते. मलांजखंड बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात, पण गोंदियाहून तसं जवळ, त्यामुळे आजोळची बरीच मंडळी तिकडे नोकरीला. पण मामा खाणीत नव्हते, खाणीतून तांबं काढून घेतल्यावर जे उरतं ते जिथे साठवतात तिथे होते. तिथल्या दगडात तांबं साधारण एक टक्का. म्हणजे शंभर टन दगड फोडा, पिठासारखा बारीक दळा, फेसाच्या टाक्यांमधून तांब्याचा भाग वर काढून घ्या, की बाकी जवळजवळ सगळं राखाडी, पाण्यात कालवलेलं उरतं. त्याला टेलिंग म्हणतात. ते पाइपानं लांब न्यायचं, बांध घालून त्याच्या मागे साठवायचं, गाळ खाली बसतो, वर निवळलेलं पाणी पंपानं परत कारखान्यात जातं. मामांची सगळी नोकरी त्या बांधावर चालण्यात गेली, पावसाळ्यात तर रात्री टॉर्च घेऊन.

तर असा माणूस खारेगावात आमच्या गॅलरीत उभा राहिला, समोर पारसिकचा डोंगर, आणि त्याला तलावपाळीला बोटिंग कशाला हवंय.

शनिवार : मुंब्रा आणि बायपास

सकाळी आधी मिसळ, तो आग्रह माझा. मामलेदारला पावसातसुद्धा गर्दी होतीच. मामांनी तिखट मागवली आणि शांतपणे संपवून म्हणाले, "बरी आहे. सावजी खाणाऱ्याले हे काय लागते." मी मिडियम घेऊन नाक पुसत बसले होते.

कळव्याहून लोकलनं मुंब्रा, एकच स्टेशन. या डोंगरातून रेल्वेचा बोगदा गेलाय हे ठाणेकरांना माहीत असतं, पण तो १९१६ सालचा आहे आणि १.३ किलोमीटर लांब आहे हे मलाही मामांसाठी वाचताना कळलं. मुंब्रादेवीच्या पायऱ्या चढायला मामा माझ्या पुढे. वरून एका बाजूला खाडी, पूल, लोकलची रांग, आणि दुसऱ्या बाजूला डोंगराच्या कुशीत चढत गेलेली घरं. मी फोटो काढत होते, मामा मात्र खाली बघून पाणी कुठून कुठे चाललंय ते बोटानं हवेत काढत होते, हा एक नाला, हा दुसरा, इथं दोन्ही भेटतात, आणि भेटतात तिथेच घरं.

(टिप : पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला नकोच. सकाळी लवकर जा, वर सावली आहे पण पाण्याची बाटली न्या. माकडं आहेत, पिशवी हातात झुलवत चालू नका.)

तिथून रिक्षानं बायपास. रिक्षावाला आधी तयार नव्हता, "उधर देखने का क्या है? कंटेनर?" म्हणाला, आणि त्याचं खरं आहे, हा रस्ता म्हणजे उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरचा. एका बाजूला कापलेला डोंगर, जागोजागी जुनी दगडाची खाण, मध्येच मुरुमाचा आणि मातीचा ढीग, त्यावर हिरवं गवत इतकं सुंदर वाढलेलं की ढीग आहे हे कळतच नाही.

मामा एका संरक्षक भिंतीपाशी थांबले ते वीस मिनिटं हललेच नाहीत. भिंतीत ठराविक अंतरावर प्लास्टिकचे पाइप सोडलेले असतात ना, तीन-चार इंची, त्यातून पाणी बाहेर यावं म्हणून. काहींमधून चांगली धार लागलेली, काहींत कोणीतरी गुटख्याच्या पुड्या कोंबलेल्या, एकातून पिंपळाचं रोप बाहेर आलेलं. मी म्हटलं मामा, ही भिंत गळतेय बघा किती. तर ते हसले.

"गळून राहिली म्हणून उभी आहे बाई. ज्या भोकातून पाणी येऊन राहिलं त्याचं काही भेव नाही. हे कोरडं पाह्य. एवढ्या पावसात हे कोरडं काहून? पाणी मांगं साचून राहिलं त्याचं." मग खाली वाकून त्यांनी एका धारेखाली ओंजळ धरली आणि मला दाखवली. पाणी स्वच्छ होतं. "असं पाहिजे. हेच पाणी उद्या गढूळ आलं नं, तर समजायचं आतली माती वाहून राहिली, पोकळ होऊन राहिलं आतून. मग फोन करत बसायचं नाही, आधी खालच्या लोकांले उठवायचं."

मलांजखंडलाही रोजचं मुख्य काम हेच असायचं म्हणे. बांधाच्या पायथ्याशी जे पाणी झिरपतं ते किती, कोणत्या रंगाचं, कालच्यापेक्षा जास्त की कमी, हे वहीत लिहायचं. बांधात उभ्या नळ्या पुरलेल्या असतात, पिझोमीटर, त्यात आतल्या पाण्याची पातळी कळते. तळ्यातलं पाणी आणि बांधाचा माथा यात ठरलेलं अंतर मोकळं ठेवायचं म्हणजे ठेवायचंच, मोठा पाऊस एका रात्रीत पडला तरी वरून वाहता कामा नये. धरण पाणी साठवायला असतं, टेलिंगचा बांध पाण्याला जमेल तितकं लांब ठेवायला असतो, हे मामांचं वाक्य मला फार पटलं.

ढीग चुकीच्या जागी टाकला तर काय होतं त्याचं उदाहरण त्यांनी परतीच्या रिक्षात सांगितलं. वेल्समध्ये ॲबरफान नावाचं कोळशाच्या खाणीचं गाव, खाणीतला टाकाऊ माल वर डोंगरावर ढीग करून टाकायचे. सातव्या नंबरचा ढीग ज्या जागी होता तिथे खाली झरा होता, नकाशातसुद्धा दाखवलेला. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी तो ढीग पाण्यानं फुगून खाली आला तो थेट शाळेवर. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला मराठी कळत असावं, कारण उतरताना त्यानं मामांना विचारलं, इधर भी ऐसा हो सकता है क्या. मामा म्हणाले, पहले देखना पडेगा पानी किधर से आता है.

रविवार : तुर्भे

रात्रभर पाऊस. सकाळी दिघा गाव स्टेशनवरून ट्रान्स हार्बरची लोकल पकडली (हे स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं, खारेगाव-विटाव्याकडच्या लोकांची मोठी सोय, ठाण्याला उलटं जायला नको). रविवारची गाडी रिकामी. डावीकडची खिडकी घ्या, रबाळ्यापासून तुर्भ्यापर्यंत डोंगर दिसत राहतो आणि त्याचे कापलेले उभे काळे कडेही.

नवी मुंबई उभी राहिली ती याच डोंगराच्या खडीवर, हे मला इथे नोकरीला येऊन इतकी वर्षं झाली तरी कधी सुचलंच नव्हतं. सिडकोनं इथल्या गावातल्या प्रकल्पग्रस्तांना खाणी चालवायला दिल्या, क्रशर, म्हणजे दगडाची खडी करणारी यंत्रं, लागले, इमारती झाल्या, आता आम्ही पाहिलेल्या बहुतेक खाणी बंद. उरलंय ते म्हणजे कडे, पाण्यानं भरलेले खड्डे, आणि ढीग.

तुर्भे स्टोअर नावाच्या वस्तीच्या मागच्या बाजूला एका टपरीवर चहा घेतला आणि तिथे आम्हाला एक आजोबा भेटले, मूळचे सोलापूरकडचे, वडार समाजातले. हातोडा आणि छिन्नीपासून सुरुवात केलेली, मग सुरुंगाची भोकं मारणं, शेवटी क्रशरवर. त्यांचे दोन्ही तळहात बघण्यासारखे होते, बोटांची पेरं सगळी चपटी झालेली. मामांनी आपण खाणीतले आहोत एवढं सांगायचा अवकाश, दोघं असे बोलायला लागले की मी आपली चहाचे पैसे देण्यापुरती.

आजोबांनी जे सांगितलं ते साधं आहे. खडीचा काळा दगड खाली असतो, वर माती आणि मुरूम. आधी वरचं काढावं लागतं, ते कोणी विकत घेत नाही, मग ते कुठे टाकणार? डिझेल कमी जळेल तिथे. म्हणजे खाणीच्या तोंडाशी, उतारावर, डंपर मागे घ्यायचा आणि सोडून द्यायचं. वर्षानुवर्षं असं टाकलं की तिथे छान सपाट पट्टा तयार होतो. "मग तिथं झोपड्या पडल्या. सपाट जागा फुकट कुठं मिळती मुंबईत? माझीबी तिथंच हाय." ते ज्या बाजूला बोट दाखवत होते तिथे निळी ताडपत्री आणि पत्रे दिसत होते, पत्र्यावर टायर ठेवलेले.

मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "खदान बंद झाल्यावर त्या ढिगाचा मालक कोण?"

आजोबा म्हणाले, "ढिगाला कोण मालक असतंय व्हय?"

मला वाटतं तीन दिवसांतलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं हेच. लीज संपते, मशीन जातं, बोर्ड गंजतो, ढीग तिथेच राहतो. तांबं, लोखंड, मँगनीज यांच्या खाणींना केंद्राचे नियम आहेत, २०१७ च्या नियमांप्रमाणे खाण चालू असतानाच ती बंद कशी करणार याचा आराखडा द्यावा लागतो आणि त्यासाठी आर्थिक हमी ठेवावी लागते, ते बघणारं भारतीय खान ब्यूरोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण बांधकामाचा दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं, ती राज्याच्या अखत्यारीत. आणि पाच हेक्टरपेक्षा छोट्या खाणींनाही पर्यावरणाची मंजुरी लागेल हे सुप्रीम कोर्टाला २०१२ मध्ये हरियाणाच्या एका खटल्यात सांगावं लागलं. तोपर्यंत आपल्याकडचे कित्येक डोंगर कापून झाले होते.

आता टपरीवरचा प्रयोग. मी मामांना विचारलं की एवढा मोठा बांध, एवढा घट्ट बसलेला गाळ, तो एकदम वाहतो कसा? त्यांनी आजोबांकडून मूठभर क्रशरची बारीक डस्ट मागितली, ती टपरीमागे ढिगानं पडलेली होती. पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात ती अर्ध्यावर भरली, हळूहळू पाणी ओतलं, वर तरंगलेलं पाणी काढून टाकलं. डस्ट ओली, घट्ट, बोटानं दाबली तरी ठीक. त्यावर टपरीवाल्याकडचा एक जाड लोखंडी नट ठेवला. नट मस्त बसून राहिला. मग मामांनी ग्लासाच्या अंगाला चमच्यानं टक टक केलं, पाच-सहा वेळा, फार जोरात नाही. पृष्ठभागावर एकदम पाणी चमकलं आणि नट कलंडून आत गेला. दिसेनासा झाला. टपरीवाला म्हणाला परत करा. परत केलं. मग तिथल्या दोन पोरांनी केलं.

यालाच लिक्विफॅक्शन म्हणतात. कणांच्या मधल्या पाण्यावर दाब आला की कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत, आणि जे आत्तापर्यंत जमीन होतं ते पातळ होतं. धक्का भूकंपाचाच लागतो असं नाही, आतली पाण्याची पातळी वाढली तरी पुरतं. आणि जगात बरेच टेलिंग बांध असे वाढवलेत की आधीच्या गाळावरच पुढचा टप्पा उभा करायचा, आतल्या बाजूला सरकत सरकत वर जायचं. माती कमी लागते, खर्च कमी. अपस्ट्रीम पद्धत म्हणतात. मामा म्हणाले, दह्यावर विटा रचल्यासारखं आहे ते. चिली भूकंपाचा देश, तिथे १९६५ मध्ये असाच बांध फुटून दोनशेच्या वर माणसं गेली, त्यांनी १९७० मध्येच ही पद्धत बंद केली. ब्राझीलनं केली ती २०१९ मध्ये.

२०१९ ला काय झालं ते मामांनी जेवताना सांगितलं आणि ते जेवताना सांगायला नको होतं. आम्ही एका आगरी खानावळीत होतो, जुलै म्हणजे समुद्रातली मासेमारी बंद, त्यामुळे ताजं पापलेट वगैरे विसरा, पण आषाढात सुक्या मासळीची मजा असते. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, जवळ्याची चटणी, वर कांदा. काकू गरम भाकरी थेट तव्यावरून ताटात टाकत होत्या, मामांनी आयुष्यात पहिल्यांदा जवळा खाल्ला आणि दुसऱ्यांदा मागितला.

तर ब्राझीलमधलं ब्रुमाजिन्यो, लोखंडाची खाण, २५ जानेवारी २०१९, दुपारी साडेबाराच्या सुमाराला. ८६ मीटर उंच बांध, अपस्ट्रीमच, काही वर्षांपासून त्यात नवीन माल टाकणंही बंद होतं, म्हणजे झोपलेला बांध. काही महिने आधीच तो सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र मिळालेलं. आणि खाणीचं ऑफिस आणि कॅन्टीन कुठे, तर बांधाच्या खाली. वेळ जेवणाची. सायरन वाजलाच नाही. २७० माणसं गेली. व्हिडिओ इंटरनेटवर आहे, बांधाचा अख्खा चेहरा एका क्षणात खाली बसतो, मी रात्री पाहिला, पाहून नटाची आठवण आली.

"बांध फुटायले कारण इंजिनियर सांगतीन," मामा म्हणाले. "पण त्याच्या खाली कॅन्टीन कोणं बांधलं, हे मले सांग."

काकू ऐकत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "त्या बायांना तरी सांगितला व्हता का कुनी, वर काय हाय ते?"

(टिप : खानावळीचं नाव मुद्दाम देत नाही, काकूंना गर्दी नकोय. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली गावठाणात विचाराल तिथे आगरी जेवण मिळेल. रविवारी एकच्या आत पोचा, सुकट संपते. आणि खाणीतल्या पाण्याच्या खड्ड्यांत पोहायला कोणीही, म्हणजे कोणीही, उतरू नका. पाणी हिरवं-निळं सुंदर दिसतं, पण कडा सरळ खाली जातात, उथळ काठ असा नसतोच, आणि वरचे दगड पावसात सुटतात. कड्याच्या टोकावर रील काढायलाही नको.)

संध्याकाळी घरी वादावादी. माझा नवरा म्हणाला की मग करायचं काय, तांबं नको, खडी नको? मोबाईल ठेवा खाली आणि बांबूच्या घरात राहा. मामा याच्यात मुरलेले. त्यांनी सांगितलं की नको असं कोणीच म्हणत नाही, पण टाकायची पद्धत बदलता येते. एक म्हणजे टेलिंगमधलं पाणीच दाबून काढून घ्यायचं, मोठाले फिल्टर असतात, मग जे उरतं त्याची हातात मूठ वळते, ते ट्रकनं नेऊन थरावर थर दाबून रचता येतं, तळं नाही, फुटायला मागे पाणीच नाही. राजस्थानात उदयपूरजवळ झावरला जस्ताच्या खाणीवर असं चालतं. महाग पडतं, आणि फार पावसाच्या प्रदेशात अवघडही. दुसरं म्हणजे सिमेंट मिसळून परत खाणीच्या पोटात भरायचं. पण त्यातही सगळं मावत नाही. आत घट्ट असलेला दगड फोडला की फुगतो, पोकळ्या येतात मध्ये. खाणीचं जे खनिज बाहेर काढलं त्याच्या टेलिंगपैकी साधारण अर्धंच परत आत जातं.

झावरचं आणखी एक, हे मला फार आवडलं. तिथे कित्येक शतकांपूर्वी जस्त काढायचे, मातीच्या लांबट मुशींमध्ये, आणि वापरून झालेल्या मुशींचे ढीगच्या ढीग पडलेत. गावातल्या लोकांनी त्या मुशी रचून घरांच्या भिंती बांधल्यात.

ब्रुमाजिन्योनंतर जगात एक नियमावली झाली, ऑगस्ट २०२० मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, मोठ्या खाण कंपन्यांची संघटना आणि गुंतवणूकदारांची संस्था अशा तिघांनी मिळून केलेली, ७७ अटी आहेत. मी लॅपटॉपवर उघडली आणि मामांना एकेक समजावून विचारत बसले. मला दोन गोष्टी भिडल्या. एक, प्रत्येक बांधासाठी कंपनीच्या वरच्या फळीतला एक माणूस नावानिशी जबाबदार पाहिजे, खालच्या सुपरवायझरवर ढकलायचं नाही. दुसरी, बांधाची वर्गवारी ठरते ती फुटला तर खाली किती माणसं आणि काय नुकसान होईल यावरून, आणि खालच्या लोकांना ते माहीत असलं पाहिजे. म्हणजे खानावळीतल्या काकूंनी जे विचारलं तेच. मामा म्हणाले, "माझ्या टाइमाले हे असतं तर रात्रीच्या चकरा कमी झाल्या असत्या," आणि मग स्वतःच म्हणाले, "नाही, चकरा तर माराच लागतीन."

सोमवार : उलवे आणि दिवागावची खाडी

मामांना विमानं बघायची होती म्हणून आधी उलवे. पामबीचवरून गाडीनं गेलो, पावसानं समोरचं काही दिसेना, वायपर फुल. नवी मुंबईचा विमानतळ आहे तिथे पूर्वी उलव्याची टेकडी होती, जवळपास नव्वद मीटर उंच. ती फोडली, आणि निघालेला दगड तिथेच पाणथळ जमीन भरून उंच करायला वापरला, उलवे नदीचा प्रवाहही वळवला. मी मामांना म्हटलं, बघा, कचरा शून्य, एक दगड वाया नाही. म्हणजे हिशोब म्हणून बघितलं तर हे उत्तमच आहे, दगड लांब न्यावा लागला नाही, ढीग उरला नाही.

मामा काचेवरची वाफ हातानं पुसत म्हणाले, "ढीग नाही उरला हे खरं. पण ढीग नाही उरला म्हणून पाण्याचा रस्ता बदलला नाही असं नाही." मग विमान दिसलं आणि विषय बदलला. सत्तरीतला माणूस, विमान उतरताना खिडकी उघडून अर्धा बाहेर, भिजला पूर्ण.

दुपारी ऐरोलीला दिवागावच्या जेट्टीकडे. हा ठाणे खाडीचा काठ, २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. जुलैत फ्लेमिंगो नाहीत, ते थंडीत येतात, पण कांदळवन पावसात काय हिरवं दिसतं, आणि भरती असेल तर पाणी अगदी मुळांपर्यंत. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी, सगळा चिखल उघडा आणि त्यावर निवट्यांच्या, म्हणजे चिखलावर सरपटणाऱ्या छोट्या माशांच्या, उड्या.

एक मावशी चिंबोऱ्यांची टोपली घेऊन बसल्या होत्या, नांग्या सुतळीनं बांधलेल्या. मामांना चिंबोरी हातात धरायची होती, त्यांनी धरायला दिली, हसल्या खूप. खाडीचं विचारलं तर म्हणाल्या, पहिला होडी कुठंबी जायाची, आता भरतीची वाट बघायला लागते, गाळ चढलाय. गाळ कुठून येतो? सगळीकडून, म्हणाल्या. नाल्यातून, डेब्रिजच्या, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याच्या, गाड्या रात्री रिकाम्या करतात त्यातून, डोंगरावरून. सगळं खाणींवर टाकणं बरोबर नाही, सांडपाणी आहे, भराव आहेत. पण शनिवारी मुंब्र्याच्या डोंगरावर मामा जे नाले हवेत काढत होते तेही शेवटी खाडीलाच मिळतात.

ब्राझीलमध्येच, ब्रुमाजिन्योच्या आधी, ५ नोव्हेंबर २०१५ ला मारियानाजवळ एक बांध फुटला होता. १९ माणसं गेली आणि तो चिखल नदीतून सहाशे किलोमीटरच्या वर प्रवास करून अटलांटिकला पोचला. वाटेतल्या गावांचं पिण्याचं पाणी बंद, मासेमारी बंद. हे मावशींना मामांनी सांगितलं, त्यांच्या पद्धतीनं, हातवारे करून. त्यांनी विचारलं, मग मासळीवाल्यांना पैसे दिले का? मामा म्हणाले कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. मावशी म्हणाल्या, "मंग तिथंबी आपलाच हाय." आम्ही चार चिंबोऱ्या घेतल्या, घासाघीस न करता, आणि रात्री आईच्या पद्धतीनं रस्सा केला. मामांनी एका नांगीशी अर्धा तास झुंज दिली.

(टिप : ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र बघण्यासारखं आहे, मुलांना न्या, पण सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून जा. जेट्टीवर जायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ मोबाईलवर पाहा. डास भयंकर, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.)

मंगळवारी संध्याकाळी मामांना ठाण्याहून विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसवलं. त्याआधी दुपारी ते आमच्या सोसायटीच्या वॉचमनला घेऊन मागच्या भिंतीपाशी गेले आणि भोकांमधल्या पिशव्या काठीनं काढून आले. वॉचमन आता त्यांना साहेब म्हणतो.

डोंगराच्या किंवा ढिगाच्या खाली राहणाऱ्यांसाठी मामांनी जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, खूप जणांना उपयोगी पडेल. पावसात वर माथ्यावर लांबट भेगा पडल्यात का बघा, उताराच्या काठाला समांतर, आडव्या जातात त्या जास्त वाईट. झाडं किंवा विजेचे खांब कलायला लागलेत का. नेहमी वाहणारा झरा एकदम आटला किंवा नेहमी स्वच्छ असणारा गढूळ झाला तर दोन्ही धोक्याचं. दारं-खिडक्या अचानक घट्ट बसायला लागल्या तर पाया हललाय का ते बघा. भेगांवर नुसती ताडपत्री टाकून भागत नाही, वरचं पाणी ढिगावर येण्याआधीच चर काढून बाजूला वळवावं लागतं. झारखंडला लालमटियाच्या कोळसा खाणीत २९ डिसेंबर २०१६ ला मातीचा ढीग घसरून २३ कामगार गेले, तेव्हा तर पावसाळाही नव्हता, त्यामुळे ऊन पडलं म्हणून निश्चिंत होऊ नका. शंका आली तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, फोन करताना जागेची खूण नीट सांगा, "डोंगराजवळ" एवढ्यावर कोणाला काही सापडत नाही.

खर्च म्हणाल तर नगण्य, लोकल आणि रिक्षा, एक दिवसाचं पेट्रोल, जेवणं. हा फेरा स्वतः करायचा असेल तर मुसळधार दिवस टाळून आदल्या दिवशी पाऊस झालेला आणि आज उघडीप आहे असा दिवस निवडा, पाणी कुठून झिरपतंय ते तेव्हाच नीट दिसतं. मामा जानेवारीत परत येणार आहेत. मी फ्लेमिंगोंची बोट आत्तापासून सुचवून ठेवलीय, पण त्यांना आधी तुर्भ्याच्या त्या झोपड्यांचा पट्टा कोरडा असताना बघायचाय, आणि आजोबांनीही या म्हणून सांगितलंय.